ऑगस्ट नको, जून घ्या. आणि इटली पुढच्या खेपेला

गोव्यातल्या मोरजीहून एका ताईंनी विचारलंय, सहलीला कधी जावं. नवरा-बायको मिळून सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवतात. लग्नाला यंदा 25 वर्षं होतायत, म्हणून ग्रीस आणि इटली असा बारा दिवसांचा बेत आहे. एजंटानं दोघांचे मिळून तीन आकडे दिलेत: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 5 लाख 30 हजार, ऑगस्टमध्ये 6 लाख 20 हजार, सप्टेंबरअखेर 5 लाख 10 हजार. यजमानांचा कल ऑगस्टकडे, कारण तेव्हा खोल्या रिकाम्याच असतात. कमी पडेल ते एफडी मोडून घालायचं.

ताई, तुम्ही हिशेबाच्या कागदाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. मेअखेर खात्यात साडेसात लाख असतील, एफडी तीन लाखांची. जून ते सप्टेंबर दोन कामगारांचा पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता धरून महिना 70 हजार. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, 40 हजार. आणि अगदी खाली, रंगकाम-डागडुजीसमोर आकडाच नाही, पेन्सिलीनं नुसतं ‘बघू’ लिहिलंय. माझी नजर त्या शब्दावरच अडकली. चार महिने पाऊस खाल्लेल्या सहा खोल्या, गाद्यांना लागलेली बुरशी, एसीचं सर्व्हिसिंग. दीड लाख तरी धराच.

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत 4 लाख 70 हजारांचा खर्च. पावसाळी पाहुण्यांचे महिना 30 हजार येतात, ते वजा केले की साडेतीन लाख उरतात. साडेसातातून साडेतीन गेले, राहिले चार लाख. तुमच्या सहलीचं खरं बजेट हे आहे. ऑगस्टला गेलात तर एफडीतले 2 लाख 20 हजार जातात, वर मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजही कमी मिळतं. सीझन उशिरा लागला तर तुमच्याकडे दुसरं काय आहे?

एवढे जास्त पैसे मोजून ऑगस्टमध्ये मिळतं काय, तेही बघा. तिकडे उन्हाळी सुट्टीचा तो ऐन महिना. 15 ऑगस्टला इटलीत फेरागोस्तोची सुट्टी असते. किनाऱ्यावरची हॉटेलं भरलेली आणि शहरातली कितीतरी छोटी खानावळी-दुकानं बंद. सिसिलीत 11 ऑगस्ट 2021 ला 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं. अथेन्समध्ये 2023 पासून सलग तीन वर्षं जुलैत उष्णतेच्या लाटेमुळे ॲक्रॉपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन देवळं, ऐन दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो वाढला की बेटांकडच्या बोटींच्या फेऱ्या रद्द होतात आणि हॉटेलची एक रात्र फुकट जाते.

सप्टेंबर मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. समुद्र उन्हाळाभर तापून पोहण्याजोगा झालेला असतो, गर्दी ओसरते. दुसऱ्या कुणाला मी तोच सांगितला असता. पण 2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे. गणपतीवर बांधायची फळाफुलांची माटोळी सोडून तुम्ही जाणार नाही, जाऊही नका. त्यानंतर निघालात तर परत येईपर्यंत ऑक्टोबर लागतो, आणि रंगकामाचे दिवस नेमके तेच. रंगारी काम करतायत आणि मालक परदेशात, हे मला पटत नाही. 20 हजार वाचवायला सीझनचे पहिले पाहुणे घालवू नका.

म्हणून जूनचा दुसरा आठवडा. समुद्र थोडा गार लागेल, पण दिवस वर्षातले सर्वांत मोठे आणि ऊन सोसण्याजोगं. मेमध्येच कौलं शाकारून घ्या, गाद्या उन्हात घालून बांधून ठेवा आणि निघा.

फक्त इटली गाळा. नऊ दिवस, एकटं ग्रीस: अथेन्स आणि एखादं बेट, नॅक्सोससारखं. सँटोरिनी या महागड्या बेटाचा हट्ट सोडलात तर चार लाखांत बसेल. बसत नसेल तर दिवस कमी करा, एफडीला हात लावू नका.

व्हिसाचा अर्ज मार्चमध्येच करा. शेंगेनचा, म्हणजे ग्रीस-इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण एप्रिल-मेमध्ये सगळा देश रांगेत असतो. दुसरंही एक कारण आहे: अर्जासोबत मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. मार्चमध्ये तुमच्या खात्यावर नाताळचा सीझन दिसेल, सप्टेंबरच्या सहलीसाठी जुलैत अर्ज केला असता तर ओसरलेला धंदा दिसला असता. फी माणशी 90 युरो, आणि युरो शंभरीपार आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान 30 हजार युरो कव्हरचा प्रवास विमाही लागतो.

एजंट ‘आत्ता निम्मे भरा, सूट देतो’ म्हणतोय, तिथे थांबा. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. त्याच्याकडूनच पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे एजंटानं पॅकेजच्या वर आगाऊ वसूल करायचा कर, घेतला जाईल. तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, तेवढी रक्कम वेगळी धरा. आणि तिथे कार्ड घासताना मशीननं रुपये की युरो विचारलं, तर युरोच दाबा. रुपयांत दर महाग पडतो.

यजमानांना हा कागद दाखवा. त्याआधी ‘बघू’ खोडून तिथे दीड लाख लिहा.