अमेरिकेतल्या छोट्या गावांत उन्हाळ्यात मुख्य रस्ता बंद करून जे उत्सव भरतात, ते सगळ्यांना फुकट कसे परवडतात?

फुकट म्हणजे तिकीट नसतं, एवढंच. पैसे कोणीतरी भरतंच. आमच्या गावच्या डाउनटाउनमधल्या अशा उत्सवात मी स्वयंसेवक म्हणून राबते, त्यामुळे हिशेब थोडाफार पाहण्यात आहे.

आपल्याकडे मंडळं वर्गणी मागत घरोघर फिरतात, इथे समिती प्रायोजकांचे उंबरे झिजवते: बँक, हॉस्पिटल, गाड्यांची शोरूम. स्टॉलवाले जागेचं भाडं देतात. आणि बिअर! ऐन उकाड्यात बरेचदा तीच उत्सव तारून नेते. मात्र तिच्यासाठी वेगळा परवाना, वय तपासून मनगटाला पट्टी, असा सगळा जामानिमा लागतो.

खर्च बँडवर होत असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात रस्ता बंद करणंच महागात पडतं. कित्येक छोट्या गावांचा मुख्य रस्ता हा राज्य महामार्ग असतो, म्हणजे नगरपालिकेचा होकार पुरत नाही. राज्याच्या वाहतूक खात्याची परवानगी आणि वाहतूक वळवण्याचा आराखडा लागतो. अग्निशमन बंबासाठी साधारण 20 फूट रुंद वाट मोकळी ठेवायची, त्यामुळे स्टॉल किती लावता येतील हे बरंचसं तिथेच ठरतं. वर विमा, बहुतेक ठिकाणी 10 लाख डॉलरच्या संरक्षणाचा. पोलिसांचा ओव्हरटाइम, फिरती शौचालयं आणि कचरा वेगळाच.

बँड मोफत वाजवायला आला तरी इतरांच्या गाण्यांच्या हक्कांसाठी अॅस्कॅप, बीएमआय अशा संस्थांचं शुल्क असतं. उलट एक सोयही आहे. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्यातल्या करारातून 1948 मध्ये 'म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड' उभा राहिला. वादकांच्या मानधनासाठी त्याची मदत हवी तर कार्यक्रम विनामूल्यच हवा.

दुकानदारांना फायदा होतो का? आइस्क्रीमवाल्याला, कॅफेला नक्कीच. फर्निचरवाल्याचा दिवस मात्र बुडतो, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला गाडी लावायलाच जागा नसते. "त्या दिवशी तुमची विक्री वाढेल" असं सांगून जी समिती त्याच्याकडून पैसे घेते, तिला पुढच्या वर्षी त्याच्या दारात उभं राहणं अवघड जातं. लोकांना रस्ता ओळखीचा होतो, एवढंच आश्वासन द्यावं.

तुम्ही जाणार असाल तर स्टॉलवर काहीतरी घ्या. मदत करायची असेल तर रात्री आवराआवरीला थांबा. सकाळी पताका लावायला भरपूर हात असतात, खुर्च्या उचलायला कोणी नसतं.