वाचकांचे प्रश्न : तारेवर व्होल्ट आहेत, तरी स्क्रीन सापडत नाही

प्रश्न : ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या डेव्हकिट बोर्डाला ओएलईडी स्क्रीन जोडला आहे. एसडीए (डेटाची तार) पिन ३४ ला, एससीएल (क्लॉकची तार) ३५ ला. मल्टिमीटर लावला तर दोन्ही तारांवर ३.३ व्होल्ट येतात, तरी आयटूसी (या दोन तारांवरचा संवाद) वापरणारी डिव्हाइस शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम म्हणतो की एकही डिव्हाइस नाही. त्यात भर म्हणजे जीपीएससाठी कोडमध्ये सीरियल१ हा सीरियल पोर्ट सुरू केला, की बोर्ड सारखा रीस्टार्ट होतो. बोर्ड गेला असं समजायचं का?

उत्तर : अजिबात नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ पिनांच्या निवडीत आहे.

आधी स्क्रीन. तुम्ही मोजलेले ३.३ व्होल्ट चिप देत नाही, ते स्क्रीनच्या मॉड्यूलवरच्या पुल-अप रेझिस्टरमधून येतात. आयटूसीमध्ये तार वर धरायचं काम या रेझिस्टरचं. ज्याला बोलायचं असतं तो ती शून्यावर ओढतो, आणि सगळा संवाद या ओढण्या-सोडण्यातून होतो. ३४ ते ३९ या पिना मात्र फक्त इनपुट आहेत, त्यांना आउटपुट ड्रायव्हरच नाही. म्हणून मीटरवर सगळं आलबेल दिसतं आणि बसवर, म्हणजे या दोन तारांवर, एक बिटही जात नाही. ईएसपी३२मध्ये कुठलंही काम कुठल्याही पिनवर घेता येतं असं सर्रास सांगितलं जातं. ते बरंचसं खरं आहे, पण ही अट सोबत सांगत नाहीत याचं मला वाईट वाटतं. चांगले बोर्ड त्यापायी अडगळीत जातात.

तुमच्या बोर्डाच्या कडेला पाहा, ३४ आणि ३५ च्या लगेच पुढे ३२, ३३ आहेत. दोन्ही तारा तिकडे हलवा आणि कोडमध्ये वायर ही आयटूसीची लायब्ररी सुरू करताना ३२, ३३ याच क्रमाने द्या. आधी एसडीए, मग एससीएल. स्क्रीनची लायब्ररी इतक्यात जोडू नका, आधी नुसता स्कॅनर चालवा. तो बहुधा हेक्स (सोळाच्या अंकपद्धतीतला) ३सी हा पत्ता दाखवेल. मॉड्यूलच्या पाठीवर ७८ छापलेलं असलं तरी गोंधळू नका. तो तोच पत्ता आहे, शेवटी लिहिण्या-वाचण्याचा बिट धरून मोजलेला. कोडमध्ये ३सीच लिहा.

आता रीस्टार्ट. आर्डुइनोच्या जुन्या कोअरमध्ये (ईएसपी३२साठीच्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये) सीरियल१ला पिना दिल्या नाहीत, तर तो ९ आणि १० घेतो. नेहमीच्या मॉड्यूलमध्ये ६ ते ११ या पिना आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, आणि तुमचा प्रोग्रॅम तिथूनच वाचला जातो. ती वाटच अडली की चिप कोसळणारच. सीरियल१ सुरू करणाऱ्या बिगिनमध्ये बॉड रेट (डेटाचा वेग) आणि फ्रेमच्या प्रकारानंतर आरएक्ससाठी (डेटा घेणारी पिन) २५ आणि टीएक्ससाठी (डेटा पाठवणारी पिन) २६ असं स्पष्ट लिहा. जीपीएसचा टीएक्स २५ ला येईल, आरएक्स २६ ला. अक्षरं वेडीवाकडी आली तर पिनांना हात लावू नका, बॉड रेट तपासा. जीपीएस मॉड्यूल निओ-६एम असेल तर तो मुळात ९६०० वर असतो.