वाचकांचे प्रश्न : आईला घेऊन डोंबिवलीहून परळला

प्रश्न : माझ्या आईवर परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाचे उपचार सुरू होणार असून, त्या काळात आम्हा दोघींना डोंबिवलीला मामांकडे राहावे लागेल. मुंबईच्या लोकलने मी कधीच प्रवास केलेला नाही. जलद गाडीने जावे की धीम्या? तिकीट, डबा आणि गर्दी यांविषयीही मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात, तर दादरपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती गाडी कल्याणला थांबते आणि तेथून लोकलने ठाकुर्लीनंतरचे स्थानक डोंबिवलीच आहे. लोकलचे तिकीट मात्र कल्याणला वेगळे काढावे.

रुग्णालयात जाताना धीमी लोकलच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जलद लोकल ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर अशा मोजक्याच स्थानकांवर थांबते आणि परळ हे दादरच्या पुढचे स्थानक त्यांत नाही. त्यामुळे दादरला उतरून, गर्दीतून पूल चढून-उतरून, केवळ एका स्थानकासाठी पुन्हा धीमी गाडी पकडावी लागते. धडधाकट माणसाला याचे काही वाटत नाही. आजारी व्यक्तीसोबत मात्र जलद गाडीने वाचवलेला वेळ त्या जिन्यांवरच खर्ची पडतो.

सोलापूर स्थानकात आपण गाडीचे नाव आणि डब्याचा क्रमांक पाहतो. लोकलसाठी फलाटावरच्या इंडिकेटरवर शेवटचे स्थानक, वेळ आणि गाडी धीमी की जलद, एवढे पाहावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी कोणतीही धीमी गाडी आपल्याला चालेल. २०१९ पासून काही लोकल परळपर्यंतच धावतात, त्याही चालतील. दादरपर्यंतची गाडी मात्र सोडून द्यावी. परळहूनच सुटणाऱ्या गाड्यांचा खरा लाभ परतताना होतो, कारण त्यांत बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलचे वेळापत्रक मामांकडून समजून घ्यावे. कल्याणच्या पलीकडून भरून आलेल्या गाडीत त्या वेळी आईंना चढवण्याचा प्रयत्न करू नये.

कर्करुग्णांना दिव्यांगांच्या राखीव डब्यातून प्रवास करण्याची मुभा असते. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे जवळ असावीत. महिलांच्या डब्यातून आपण दोघी एकत्र जाऊ शकाल. डबा नेमका कोठे येईल, हे फलाटावरील खुणांवरून कळते, आणि शेजारी उभ्या असलेल्या नेहमीच्या प्रवाशाला विचारले तर त्याहूनही लवकर कळते.

रोज जावे लागणार असेल तर मासिक पास परवडतो, अन्यथा परतीचे तिकीट पुरेसे आहे. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात बसल्यास भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये दंड होतो, आणि गडबडीत नवखा प्रवासी नेमका त्याच डब्यात शिरतो. वातानुकूलित लोकलचे तिकीट वेगळे व महाग असते. तिचे दरवाजे आपोआप बंद होत असल्याने, वेळ जुळल्यास आईंसाठी ती अधिक सोयीची ठरेल.

परळला पूर्वेकडे बाहेर पडावे. रुग्णालय त्याच बाजूला आहे. उपचारांनंतर आईंना फार थकवा जाणवत असेल, तर त्या दिवशी लोकलचा आग्रह न धरता टॅक्सी करावी.