‘प्राधान्य’ की ‘अग्रक्रम’?

मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावर) रात्रीचे बॅच जॉब, म्हणजे एकगठ्ठा आपोआप चालणारी कामे, सांभाळणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, मराठीत माहितीपुस्तिका लिहिताना ‘प्रायॉरिटी’साठी प्राधान्य, अग्रक्रम आणि प्राथमिकता यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘वर्कलोड’ला कार्यभार म्हटलेले चालेल का.

‘प्राथमिकता’ मी वगळतो. मराठीत ‘प्राथमिक’ म्हटले की शाळा किंवा उपचार आठवतात. ‘अग्रक्रम’ शब्द चांगला आहे, परंतु क्रम म्हटला की एकचा आकडा सर्वांत पुढे असतो, हे प्रवेशअर्जावर पसंतीक्रम भरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आयबीएमच्या झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर मात्र जॉब कार्डावर, म्हणजे कामाची ओळख देणाऱ्या सुरुवातीच्या विधानात, ‘पीआरटीवाय=१५’ (पीआरटीवाय म्हणजे प्रायॉरिटी) लिहिले आणि तो आकडा मानण्याची सोय चालू असली, तर जेईएस-२ (कामांच्या रांगा सांभाळणारी उपप्रणाली) त्या प्रकारच्या कामांच्या रांगेतून ते काम आधी उचलते आणि शून्यवाले मागे राहते. ‘अग्रक्रम १५’ वाचून नवा ऑपरेटर नेमका उलटा अर्थ घेईल. ‘प्राधान्य’ म्हणजे प्रधान असण्याचा भाव. तो कमी-अधिक असू शकतो, म्हणून ‘प्राधान्य १५’ खटकत नाही. (शिधापत्रिकेच्या संदर्भातील ‘प्राधान्य कुटुंब’ पाहा: तेथे मान आहे, क्रमांक नाही.)

खरी अडचण पुढे आहे. १९९४ साली एमव्हीएस या झेड/ओएसच्या पूर्वावताराच्या ५.१ आवृत्तीसोबत आलेल्या वर्कलोड मॅनेजरमध्ये (कामांना संगणकाची साधने वाटून देणाऱ्या भागात) ‘इम्पॉर्टन्स’, म्हणजे कामाचे महत्त्व, १ ते ५ अशी मोजतात, आणि तेथे १ हीच सर्वांत वरची. शिवाय ती प्रायॉरिटी नव्हेच: कामाला ठरवून दिलेले उद्दिष्ट, उदाहरणार्थ ठरावीक सेकंदांत उत्तर मिळणे, साधत नसेल तेव्हा कोणाला आधी मदत द्यायची आणि कोणाच्या वाट्यातून काढून द्यायची, एवढेच ती सांगते, प्रोसेसर मिळण्याचे प्राधान्य त्यानंतर प्रणाली स्वतःच ठरवते आणि बदलत राहते. म्हणून येथे ‘महत्त्वश्रेणी’ हा वेगळा शब्द योजावा, आणि ‘श्रेणी १’ म्हणजे सर्वांत वरची, हे मराठी वाचकाला आपोआप कळते.

‘कार्यभार’ महाविद्यालयात प्राध्यापकांचे तास मोजताना भार याच अर्थाने चालतो; पण इतरत्र तो स्वीकारला किंवा सोपवला जातो, आणि ‘ऑपरेटरने कार्यभार सांभाळला’ यातून भलताच बोध होतो. सर्वसाधारण अर्थी ‘कामाचा भार’ पुरे. वर्कलोड मॅनेजरच्या धोरणात मात्र ‘वर्कलोड’ हे अनेक सेवावर्गांच्या (सारखे उद्दिष्ट दिलेल्या कामांच्या वर्गांच्या) एका गटाचे नाव असते. त्याला ‘कार्यगट’ म्हणावे, कारण तेथे भार मोजलेलाच नसतो.