वाचक विचारतात: गोबीत गे ग्रुपने जायचं तर

मागच्या अंकात मी मंगोलियाच्या ट्रिपबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मग पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार प्रश्न घेतलेत, पहिल्यावर जास्त बोलणार आहे कारण तो बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे.

प्रश्न: दादा, आम्ही आठ जण आहोत, सगळे गे, त्यात तीन जोड्या. जुलैमध्ये मंगोलियातल्या गोबी वाळवंटात जातोय, त्यातल्या चार रात्री भटक्या पशुपालक कुटुंबांकडे गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल तंबूत, राहायचंय. आमच्यात रोज भांडण होतंय. निम्मे म्हणतात त्यांच्या घरात राहायचं, त्यांचं खायचं आणि स्वतःबद्दल खोटं सांगायचं हे पटत नाही, सरळ सांगून टाकू. निम्मे म्हणतात गप्प बसा, उगाच कशाला. तुम्ही काय केलंत?

उत्तर: तुमच्या भांडणात एक माणूस कुणीच मोजलेला नाहीये, तो म्हणजे तुमचा गाईड. तुम्ही जे काही सांगाल ते त्याच्या तोंडून सांगितलं जाणार, आणि तुम्ही बारा दिवसांनी विमानात बसाल तेव्हा तो तिथेच राहणार, पुढच्या महिन्यात त्याच कुटुंबाकडे दुसरा ग्रुप घेऊन जाणार. पूर्ण देशाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, त्यातले जवळपास निम्मे राजधानी उलानबातरमध्ये, म्हणजे कुणीतरी कुणाच्या मामाच्या ओळखीचा निघतोच.

कायद्याने तुम्हाला भीती नाही. समलिंगी संबंध तिथे गुन्हा नाही, आणि जुलै २०१७ पासून जो फौजदारी कायदा लागू आहे त्यात लैंगिक कल आणि लिंगओळख यावरून भेदभाव करणं हाच गुन्हा धरलाय. पण लग्नाला किंवा जोडीला मान्यता नाही, आणि लोकांच्या मनाचं म्हणाल तर उलानबातरच्या एलजीबीटी सेंटर या संस्थेला नोंदणी मिळवायलाच जवळपास तीन वर्षं लागली, हे मंगोल रूढी-परंपरेत बसत नाही आणि तरुणांपुढे चुकीचं उदाहरण जाईल असं सांगून सरकारी कचेरीतून परत पाठवत होते, शेवटी डिसेंबर २००९ मध्ये नोंदणी झाली. तिथल्या आपल्या माणसांनी इतकं झगडून जे मिळवलंय ते आपल्या एका सेल्फीने अवघड होऊ नये एवढंच मला वाटतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्या ग्रुपमधल्या एकाने खोंगोरिन एल्सच्या वाळूच्या डोंगरावर सप्तरंगी झेंडा धरून फोटो काढला, बाजूला आमचा गाईड हसत उभा होता, आणि दलानझादगाद शहरात नेटवर्क आल्या आल्या फोटो नावासकट टाकला. गाईडच्या बहिणीच्या नवऱ्याने तो पाहिला. फोटो आम्ही लगेच काढला पण त्या रात्री आमचा गाईड, पोरगाच तो, गाडीच्या मागे जाऊन तासभर फोनवर बोलत होता आणि परत आला तेव्हा जेवला नाही. तो स्वतः कोण आहे हे आम्ही त्याला कधीच विचारलं नाही आणि तुम्हीही तुमच्या गाईडला विचारू नका, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. झेंडा जरूर न्या, फोटो काढा, पण त्यात स्थानिक माणूस नको, आणि ज्या कुटुंबाकडे राहिलात त्यांची ओळख पटेल असं काही नको.

आता खोटं बोलण्याचा प्रश्न. ते अवघड आहे हे मला कळतं, आयुष्यभर ऑफिसात आणि लग्नकार्यात तेच केलेलं असतं आपण, परत पैसे खर्च करून तेच करायला कशाला जायचं. पण तिथे गंमत वेगळीच झाली. गेरमध्ये शिरल्यावर पहिले प्रश्न जनावरांचे असतात, गुरं धष्टपुष्ट आहेत ना, वाटेत गवत कसं होतं, मग चहा येतो, दुधाचा आणि मिठाचा, आणि मग हळूहळू बायको-मुलांवर गाडी येते. आम्ही होतो त्या घरच्या आजीने मला विचारलं, घरी कोण वाट बघतंय? मी म्हणालो एक माणूस आहे, चौदा वर्षं झाली. मराठीत पुढचं वाक्य बोललो असतो तर तो की ती हे सांगावंच लागलं असतं, आपल्याकडे क्रियापदसुद्धा चुगली करतं. मंगोलियन भाषेत तसं नाही, तिथे 'तेर' म्हणजे तो पण आणि ती पण. गाईडने 'तेर' म्हणून भाषांतर केलं. आजीने विचारलं, तेर स्वयंपाक बरा करतं का? मी म्हणालो माझ्यापेक्षा खूपच चांगला. तिने उठून छताच्या काठीला अडकवलेली पिशवी काढली आणि मूठभर आरूल माझ्या हातात दिलं, वाळवलेल्या दह्याच्या वड्या असतात त्या, दगडासारख्या टणक, आणि त्यांच्यावर वळताना दाबलेल्या बोटांचे ठसे तसेच राहिलेले असतात. हे तेरला दे, म्हणाली. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो आणि त्या पोराला अडचणीतही टाकलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की जाहीर करू नका आणि बायकोची खोटी गोष्टही रचू नका. गाईडशी आधीच, पहिल्या दिवशी, गाडीत बसून मोकळं बोला की असा प्रश्न आला तर तू काय म्हणशील, तुला काय सोपं जाईल, आणि तो म्हणेल ते ऐका. जोड्यांनी गेरमध्ये जवळीक टाळा, ते गे असण्यामुळे नाही, ती एक खोली आहे, त्यात आजी, सून, दोन पोरं आणि कधीकधी आजारी कोकरू पण झोपलेलं असतं. बाहेर आभाळ आहे ना, गोबीतलं रात्रीचं आभाळ मी परत कुठे पाहिलं नाही, दोघं शालीत गुंडाळून तिथे बसा.

आणि टूर विकणाऱ्याला पैसे भरायच्या आधी हे विचाराच: ग्रुप कुणाचा आहे हे गाईडला आणि ड्रायव्हरला माहीत आहे का, त्यांनी स्वतःहून हो म्हटलंय का. आम्हाला टूर विकणाऱ्याने सांगितलं होतं सगळ्यांना कल्पना दिलीये, आणि प्रत्यक्षात ड्रायव्हरला तिसऱ्या दिवशी आमच्या बोलण्यावरून कळलं. माणूस भला निघाला म्हणून निभावलं.

प्रश्न: मी ट्रान्स बाई आहे, पासपोर्टवर अजून जुनंच नाव आहे. गेरमध्ये पुरुषांची बाजू वेगळी आणि बायकांची वेगळी असं वाचलं. मी कुठे बसायचं? ह्या एका गोष्टीवरून मी ट्रिप कॅन्सल करायच्या विचारात आहे.

उत्तर: कॅन्सल करू नका हो. बाजू आहेत हे खरं आहे पण त्या घरच्यांसाठी. गेरचं दार दक्षिणेला असतं, आत शिरलं की डावीकडची म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची, तिथे खोगीर, लगाम, घोडीचं दूध आंबवायची कातड्याची पिशवी. उजवीकडची बाजू बायकांची, भांडीकुंडी, पीठ, चहा. दारासमोर, चुलीच्या पलीकडे, सगळ्यात मानाची जागा, तिला खोइमोर म्हणतात, तिथे देव आणि घरातल्यांचे फोटो. पाहुणा आला की तो डावीकडे बसतो, पाहुणीसुद्धा डावीकडेच. म्हणजे तुम्ही, मी, आपण सगळे एकाच बाजूला, आणि शिवाय यजमान हाताने दाखवतातच कुठे बसायचं ते.

तुम्ही उंबरा, खांब आणि चूल एवढं सांभाळा. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा, दार बुटकं असतं तर मान वाकवा. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही आणि वस्तूही मधून द्यायची नाही. चुलीत कचरा टाकू नका आणि तिच्याकडे पाय करून बसू नका. वाटी घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला. चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तर लगेच हात मिळवायचा, ते राहिलं की त्यांना खटकतं. हे जमलं की तुमच्याकडे घरचंच माणूस म्हणून बघतात, बाकीचं कुणी मोजत बसत नाही.

संडासाची काळजी असेल तर कुटुंबांकडे लांब खड्डा, वर फळ्या, एका वेळी एकच माणूस, तिथे बायका-पुरुष अशी पाटीच नाही. कपडे बदलायला एक सैलसा लांब गाऊन न्या, झोपायच्या पिशवीतसुद्धा बदलता येतं. टुरिस्ट कॅम्पमध्ये मात्र पासपोर्टवरून नाव मोठ्याने वाचलं जाऊ शकतं, तेव्हा यादी गाईडनेच द्यावी असं आधी ठरवून घ्या. अजून एक, ११ ते १३ जुलैला नादाम हा कुस्ती आणि शर्यतींचा सण असतो आणि कुस्तीगिरांचं जाकीट छातीवर उघडं असतं, त्यामागची दंतकथा तुम्हाला कुणीतरी हमखास सांगणार, की एकदा पुरुषाच्या वेषात एका बाईने सगळ्यांना लोळवलं म्हणून तेव्हापासून जाकीट पुढून उघडं शिवतात. सांगणारा हसत सांगतो. त्याच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं, पण ते ऐकताना तुम्हाला कसं वाटेल याची मला कल्पना आहे म्हणून आधीच कानावर घातलं.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ गे आहे, घरात फक्त मला माहीत आहे. तो अशाच ग्रुपबरोबर गोबीत जातोय, तिथून पुढे ट्रेनने रशियात जायचा विचार आहे. मला झोप लागत नाही. धोका कितपत आहे?

उत्तर: ताई, तुमच्या भावाला तुमच्यासारखी बहीण आहे हे आधी सांगतो. गोबीत त्याला धोका तो गे असण्यामुळे कमी आणि अंतरामुळे जास्त. उलानबातर ते दलानझादगाद साधारण साडेपाचशे किलोमीटर, तो रस्ता डांबरी आहे, पण पुढे खोंगोरिन एल्सकडे चाकोऱ्याच चाकोऱ्या, कुठली खरी ते ड्रायव्हरलाच माहीत. म्हणून एका गाडीने जाणारा ग्रुप असेल तर दोन गाड्या करा म्हणावं. जुलैत दुपारी अंग भाजतं आणि रात्री स्वेटर लागतो. गेरजवळ जाताना लांबूनच 'नोखोई खोर' म्हणजे कुत्रा धरा असं ओरडायचं, ती कुत्री लांडग्यांपासून मेंढ्या राखतात. आणि उलानबातरमध्ये रात्री उशिरा दारू प्यालेल्या टोळक्यांपासून लांब राहायचं, ॲपवर ओळख झालेल्याला आधी दिवसा कॅफेत भेटायचं. पोलिसांचा नंबर १०२, ॲम्ब्युलन्सचा १०३, त्याच्या फोनमध्ये आत्ताच टाका.

रशियाबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो, जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली, आणि झेंड्याच्या चित्रावरूनसुद्धा लोकांवर कारवाई झालीये. ज्या फोनमध्ये गोबीतले झेंड्याचे फोटो आहेत तोच फोन घेऊन ती सीमा ओलांडायची नाही. आला तसा विमानाने परत ये म्हणावं. चिंगीस खान विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला, तेव्हा निघताना दोन-तीन तास हाताशी ठेवायला सांगा, उलानबातरचा ट्रॅफिक फार वाईट.

आणि तो कुठली रोजची औषधं घेत असेल, कुठलीही, तर ती ट्रिपपेक्षा आठवडाभर जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, गाडीची भट्टी होते.

प्रश्न: ज्यांच्याकडे राहणार त्यांना भेट काय न्यावी? चॉकलेटं चालतील का?

उत्तर: राहण्या-जेवणाचे पैसे तुग्रिकमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, रोख द्या, ते वेगळं. भेट म्हणून मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत सुटू नका, दातांचा डॉक्टर तिथून दिवसभराच्या अंतरावर असतो. चांगला हेडटॉर्च, वह्या-पेन्सिली, रंगखडू, शिवणाच्या सुया असं कामाचं न्या, आणि दोन्ही हातांनी द्या. पण माझं ऐकाल तर लगेच कागदावर फोटो देणारा कॅमेरा न्या. आम्ही आठ जण आणि मध्ये आजी असा फोटो काढला, तो पांढऱ्याचा हळूहळू रंगीत होत गेला तशी ती सगळ्यांना हाक मारून दाखवत होती, आणि मग खोइमोरवरच्या फ्रेमच्या कोपऱ्यात, तिच्या नातवंडांच्या आणि शर्यत जिंकलेल्या घोड्याच्या फोटोशेजारी, तिने तो खोचला. फिल्मची दोन पाकिटं जास्त घ्या, बातमी पसरते आणि पलीकडच्या गेरमधली माणसं घोड्यावर बसून येतात, चांगले कपडे घालून.