2018 मध्ये गोव्याने परराज्यातली मासळी का अडवली होती? मालवणच्या गाड्यांचा त्यात काय दोष?

मूळ कारण फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइड या रसायनाचं पाण्यातलं द्रावण. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे तपासणी झाली, पट्टीचाचणीत फॉर्मेलिन दिसलं आणि मग गोव्याच्या अन्न व औषध खात्यानेच प्रयोगशाळेचा हवाला देत सांगितलं, प्रमाण मर्यादेत आहे. इथेच लोक बिथरले. मासा मेल्यावर त्यात थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं हे खरं, पण टिकवण्यासाठी फॉर्मेलिन घालायला परवानगीच नाही. मग मर्यादा कसली? शेवटी बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी आली.

पुढे बाहेरून मासळी आणणाऱ्यांना नोंदणी आणि इन्सुलेटेड (आतला थंडावा टिकवणाऱ्या) गाडीची अट आली. नियम चुकीचा नव्हता, पण आंध्रातून दोन दिवसांनी पोचणारा ट्रक आणि मालवणहून काही तासांत येणारा टेम्पो एकाच मापाने मोजला गेला. सिंधुदुर्गातला छोटा व्यापारी क्रेटमध्ये बर्फाचा थर, बांगड्याचा थर, परत बर्फ असं भरून निघतो. त्याला नवी गाडी कुठून परवडणार?

माझ्या मते तपासणी बंदरावरच व्हावी आणि तो कागद दोन्ही राज्यांनी मानावा. जून-जुलैची मासेमारी बंदी दोघं मिळून पाळतातच की!