दृष्टी आधी मोज: तरुण फॅमिली डॉक्टरला पत्र

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. डोळ्यांच्या नेहमीच्या आजारांवरील अभ्यासवर्गाला नाव नोंदवावे का, असे तू विचारले आहेस. अवश्य नोंदव, पण तिथली चित्रे बहुतेक स्लिट लॅम्पमधून, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकातून, बरीच मोठी करून टिपलेली असतात आणि तुझ्या टेबलावर मात्र एक टॉर्च असतो, हे ध्यानात ठेवून जा. पडद्यावर ओळखता आलेला आजार दवाखान्यात ओळखू येईलच असे नाही. म्हणूनच फॅमिली डॉक्टरचे डोळ्यांविषयीचे शिक्षण व्याख्यानांपेक्षा स्वतःच्या नोंदींतून अधिक होते, असे माझे मत आहे, आणि त्या नोंदीतला पहिला आकडा दृष्टीचा असायला हवा.

तक्रार कोणतीही असो, टॉर्च हातात घेण्यापूर्वी प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे मोज आणि लिहून ठेव. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला अक्षरांचा तक्ता अजूनही पुरेसा आहे. तो ६ मीटरवर लावावा, आणि रुग्णाला लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच वाचायला सांगावे. एक डोळा झाकताना लोक बोटांच्या फटीतून नकळत वाचतात, त्यामुळे तळहाताने झाकायला सांग. दृष्टी कमी भरली तर पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून, म्हणजे पिनहोलमधून, पुन्हा वाचून घे. आकडा सुधारला तर बहुधा चष्म्याच्या नंबरचा प्रश्न असतो. सुधारला नाही तर आजार शोधायचा. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागतात आणि सहायकाला हे सहज शिकवता येते. अपवाद एकच: डोळ्यात रसायन, विशेषतः चुना किंवा सिमेंट, गेले असेल तर काहीही मोजत बसू नकोस. आधी भरपूर पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवायचा, वरची पापणी उलटवून अडकलेले कण काढायचे, आणि मग बाकीचे.

लाल डोळ्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी स्वतःची चूक तिथेच झाली होती. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण एकाच डोळ्याच्या लालीची तक्रार घेऊन आला. डोळे आले आहेत असे समजून मी प्रतिजैविक आणि स्टेरॉईड एकत्र असलेले थेंब लिहून दिले. दोन दिवसांत लाली ओसरली आणि बरे वाटते आहे असे तो मुद्दाम येऊन सांगून गेला. त्या सुधारणेनेच आम्हा दोघांना फसवले. आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याला त्या डोळ्याने अंधुक दिसत होते. नेत्रतज्ज्ञांनी फ्लुरेसिन या रंगद्रव्याची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली, निळा प्रकाश टाकला आणि मला जवळ बोलावले. बुबुळावर फांद्या फुटलेली हिरवी रेघ होती, काही फांद्यांच्या टोकाला बारीक गाठी होत्या, आणि एका बाजूला ती रेघ पसरून तिचा रुंद चट्टा झाला होता. तो हर्पिस विषाणूचा अल्सर, म्हणजे व्रण, होता. स्टेरॉईडने दाह दबला होता आणि विषाणूला रान मोकळे मिळाले होते. पहिल्या दिवशीच्या माझ्या नोंदीत दृष्टीचा आकडा नव्हता, त्यामुळे नजर केव्हापासून कमी झाली हेही सांगता येईना.

तेव्हापासून स्लिट लॅम्पखाली तपासल्याशिवाय स्टेरॉईडचे थेंब मी लिहिलेले नाहीत, आणि तूही लिहू नकोस. साध्या डोळे येण्यात चिकटा असतो, खुपते, क्वचित कानापुढे गाठ लागते. पण चिपड पुसल्यावर दृष्टी जवळजवळ पूर्ण असते. खरे दुखणे, उजेड सहन न होणे, बुबुळाभोवती दाटलेली लाली, धूसर बुबुळ, कमी झालेली दृष्टी, यांतले एकही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठव. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळाही तसाच मान. डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या मध्यमवयीन रुग्णाच्या बाहुलीवर टॉर्च टाकून बघ; ती मध्यम रुंदावून स्थिर राहिलेली असेल तर तो अचानक उद्भवलेला काचबिंदू असण्याची शक्यता मोठी आहे.

शांत डोळ्यांचे आजार थोडक्यात सांगतो. टाईप २ मधुमेहाचे निदान होताच दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, तपासणी करून घ्यावी, मग साधारणपणे दरवर्षी. रुग्णाला चांगले दिसते म्हणून थांबू नये. डोळ्यापुढे अचानक चमका आणि काळे ठिपके, किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे, हे दृष्टिपटल सुटण्याचे लक्षण असू शकते. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते असे आईने म्हटले तर तिला धीर देऊन घरी पाठवू नकोस, तातडीने तपासणीला पाठव.

शिकण्याची पद्धत माझ्या मते अशी असावी. जवळच्या नेत्रतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात महिन्यातून एक सकाळ बस. औषध कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या व्याख्यानांना हरकत नाही, मात्र तिथे थेंबांची नावे जास्त आणि थेंब कधी देऊ नयेत ते कमी ऐकू येते. पाठवलेल्या प्रत्येक रुग्णासाठी वहीत एक ओळ ठेव: दृष्टी, तुझे अनुमान, आणि पुढे रिकामी जागा. नेत्रतज्ज्ञांना विचारून ती जागा भरायची. दहा ओळी भरल्या की मला फोन कर. रुग्णांची नावे वगळून वाचून दाखव, आणि ज्या ओळींत अनुमान चुकले त्यांपासून सुरुवात कर.

तुझा शुभचिंतक